वाकणाऱ्या सेन्सरने पाण्यातलं शिसं-कॅडमियम मोजायचंय? आधी ब्लँक सपाट करा

दर जानेवारीत प्रोजेक्टवाल्या पोरांचे मेसेज सुरू होतात आणि मजकूर जवळपास एकच असतो. "सर, सेन्सर भारी बनलाय, पण डीआय वॉटरमध्येच शिसं दाखवतोय." नाहीतर उलटं, "दहा पीपीबी टाकलं तरी पीकच येत नाही." (डीआय म्हणजे आयन काढून टाकलेलं शुद्ध पाणी, पीपीबी म्हणजे अब्जात एक भाग, पीक म्हणजे ग्राफवरचा त्या धातूचा उंचवटा, आणि ब्लँक म्हणजे धातू न टाकता घेतलेली मोजणी.) मग सेन्सर नव्याने बनवतात, लेझरची पॉवर बदलतात, कोणीतरी सुचवलेला नॅनोपार्टिकल लावतात, आणि सबमिशनच्या आठवड्यात परत तिथेच. खरं सांगायचं तर दहातल्या आठ वेळा सेन्सरला काही झालेलं नसतं. बाटली घाण असते, पीएच चुकलेला असतो, नाहीतर कामाचा क्रम उलटा झालेला असतो. म्हणून हे सगळं एकदाच क्रमाने लिहून ठेवतोय.

आधी एक खुलासा. "फ्लेक्सिबल सेमीकंडक्टर सेन्सर" शोधलं की ग्राफीनचे नाहीतर मोलिब्डेनम डायसल्फाईडचे ट्रान्झिस्टर समोर येतात, आयन चिकटला की चॅनेलचा करंट बदलतो वगैरे. दिसायला झकास, पण पहिल्या प्रोजेक्टला नको. पाण्यात क्षार वाढले की चिकटलेल्या आयनाचा चार्ज त्या क्षारांमुळे झाकला जातो. १ मिलीमोलर मिठाच्या पाण्यात त्याचा प्रभाव साधारण १० नॅनोमीटरपर्यंत जाणवतो, ०.१ मोलरमध्ये जेमतेम १ नॅनोमीटर. आपल्याकडच्या बोअरचं पाणी किती जड असतं ते गीझरची कॉइल बघितलेल्या माणसाला सांगायला नको. त्यामुळे इथे आपण त्याचाच साधा, दणकट भाऊ घेतोय. पॉलिइमाइड फिल्मवर लेझरने जाळून केलेलं ग्राफीन (लॅबमध्ये सगळे 'लिग' म्हणतात), त्यावर बिस्मथचा थर, आणि मोजणी स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्रीने, म्हणजे उणे व्होल्टेज देऊन धातू आधी इलेक्ट्रोडवर जमा करायचा, मग व्होल्टेज वाढवत तो सोडवायचा आणि त्या वेळचा करंट मोजायचा. लिग काटेकोरपणे सेमीकंडक्टर नाही, पण व्हायवात विचारलं तर तेवढं प्रामाणिकपणे सांगा, काही बिघडत नाही.

या सेटअपवर शिसं आणि कॅडमियम नीट मोजता येतं, जस्त ओढूनताणून. पारा आणि आर्सेनिकसाठी सोन्याचा इलेक्ट्रोड लागतो, बिस्मथवर ते जमत नाही, तेव्हा अर्जात "सर्व जड धातू" असं लिहू नका.

टार्गेट आकडे पाठ ठेवा. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० : २०१२ या मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलीग्रॅम म्हणजे १० पीपीबी आहे आणि कॅडमियमची ०.००३ मिलीग्रॅम म्हणजे ३ पीपीबी. तुमचा सेन्सर ५० पीपीबीच्या खाली काही बघूच शकत नसेल तर तो पिण्याच्या पाण्यासाठी उपयोगाचा नाही, मग तो कितीही वाकू दे.

टप्पा १ : टेबल, बाटल्या आणि पाणी

हा टप्पा सगळे गाळतात आणि सगळे इथेच मरतात. १० पीपीबी म्हणजे एका लिटरमध्ये एका ग्रॅमचा एक लाखावा भाग. एवढं शिसं बोटावरून, धुळीतून, टिपमधून सहज येतं.

पहिली गोष्ट, सोल्डरिंग जिथे करता त्या टेबलावर हे काम करायचं नाही. साधी सोल्डर वायर ६०-४० असते, त्यातले ४० टक्के शिसं असतं. इलेक्ट्रॉनिक्सवाली पोरं सकाळी त्याच टेबलावर बोर्ड सोल्डर करतात आणि दुपारी तिथेच ब्लँक लावतात, मग शिसं दिसणार नाही तर काय दिसणार. आमच्याकडे एकदा दसऱ्याला मशीनची पूजा झाली, कुणीतरी भक्तिभावाने सेलच्या (मोजणीच्या भांड्याच्या) स्टँडला शेंदराचं बोट लावलं, आणि पुढचे चार दिवस ब्लँकमध्ये शिशाचा पीक. शेंदूर म्हणजे मूळचा शिशाचाच ऑक्साईड. पूजा करा, पण फुलं वाहा आणि थांबा.

बाटल्या काचेच्या नकोत. पाणी न्यूट्रल असेल तर शिसं काचेच्या भिंतीला चिकटतं आणि तुमचं १० पीपीबीचं स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचं द्रावण) संध्याकाळपर्यंत ६ चं होऊन बसतं. पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीईच्या बाटल्या घ्या, १० टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर बुडवा, सकाळी चांगल्या पाण्याने तीनदा विसळा आणि झाकण लावून ठेवा, उघड्या वाळवत ठेवू नका. पिपेटच्या टिप्स बिनरंगाच्या घ्या. हातमोजे पावडर नसलेले, कारण पावडरवाल्यांतून जस्त येतं.

पाणी म्हणजे डीआय, तेही ताजं. पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर आणून काम चालवणारे मी बघितलेत. त्या कॅनचा प्रवास कुठून कसा झालाय कुणाला माहीत, आणि शेजारी शिशाच्या बॅटऱ्या मांडलेल्या. नको. कॉलेजमध्ये चांगलं डीआय नसेल तर ज्या लॅबमध्ये एएएस (धातू मोजायचं) मशीन आहे तिथून दोन लिटर मागून आणा, सहसा कोणी नाही म्हणत नाही.

सावधान : ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. आणि पुढे टप्पा ४ मध्ये ब्लीच लागणारे, ते ब्लीच आणि हे नायट्रिक एका टेबलावर कधीच नको, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो.

टप्पा २ : द्रावणं, आणि ती कशात बनवायची

ॲसिटेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), १ मोलर, पीएच ४.५. सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट ४.८३ ग्रॅम, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड ३.७ मिली, पोटॅशियम क्लोराईड ०.७५ ग्रॅम, सगळं मिळून १०० मिली. मीटरवर पीएच तपासा, थोडाफार हलला असेल तर सरळ करा. पोटॅशियम क्लोराईड विसरू नका, ते का लागतं ते टप्पा ४ मध्ये कळेल. हा बफर सेलमध्ये दहापट पातळ होऊन ०.१ मोलर होतो.

केमिकल चांगल्या ग्रेडचं घ्या. कपाटात दहा वर्षं पडलेली, झाकणाला गंज चढलेली बाटली उचलू नका, त्या गंजासकट सगळं बफरमध्ये येतं.

शिसं आणि कॅडमियमची १००० पीपीएमची (१ पीपीएम म्हणजे १००० पीपीबी) तयार स्टँडर्ड मिळतात. त्यातून १०० मायक्रोलिटर घेऊन १० मिली करा, झालं १० पीपीएम. पातळ करायला नुसतं पाणी नाही, ०.२ टक्के नायट्रिक असलेलं पाणी. पीपीबीवालं स्टँडर्ड रोज ताजं करा, काल केलेलं आज वापरायचं नाही.

बिस्मथची गंमत वेगळी. बरेच जण बिस्मथ नायट्रेट थेट पाण्यात टाकतात आणि पांढरा गढूळपणा आला की "विरघळत नाहीये" म्हणून ढवळत बसतात, तासभर ढवळा नाहीतर दिवसभर, ते विरघळणार नाही कारण त्याचं बेसिक नायट्रेट होऊन खाली बसलेलं असतं. बिस्मथ ॲसिडमध्येच राहतं. सरळ १००० पीपीएमचं ॲसिडमधलं तयार स्टँडर्ड घ्या.

टप्पा ३ : फिल्म आणि लेझर

पॉलिइमाइडची शीट घ्या, जाडी १२५ मायक्रॉन असली तर उत्तम, ५० पर्यंत चालेल. बाजारात जो सोनेरी कॅप्टॉन (पॉलिइमाइडचा) टेप मिळतो तोही चालतो पण त्याच्या मागे सिलिकॉनचा गोंद असतो, उष्णतेने तो फुगतो आणि टेपला सुरकुत्या पडतात. टेपच वापरायचा असेल तर आधी पीईटीच्या शीटवर एकही बुडबुडा न राहता चिकटवा, एटीएम कार्डाच्या कडेने दाबत जा.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, मग बोट लावायचं नाही. बोटाचा ठसा लेझरनंतर ठशासारखाच दिसतो.

डिझाइन साधं ठेवा : मध्ये ३ मिलीमीटरचा गोल (वर्किंग, धातू जमा होतो तो इलेक्ट्रोड), त्याच्याभोवती अर्धचंद्रासारखा मोठा काउंटर (करंटची वाट पुरी करणारा), दुसऱ्या बाजूला छोटा रेफरन्स (व्होल्टेज ज्याच्या तुलनेत मोजतात तो). तिघांच्या पट्ट्या निदान २५ मिलीमीटर लांब, म्हणजे क्लिप पाण्यापासून दूर राहते.

लेझरचा आकडा मी देणार नाही, कारण माझ्या मशीनचे १२ टक्के आणि तुमच्या मशीनचे १२ टक्के यांचा काही संबंध नाही. सीओटू लेझर असेल (१०.६ मायक्रॉनवाला, कटिंगच्या दुकानात असतो तोच) किंवा निळा डायोड लेझर, दोन्हीने लिग होतं. आधी एका फालतू तुकड्यावर ५ बाय ५ चे चौकोन काढा, आडवी पॉवर वाढवत न्या, उभा स्पीड. मग बघा :

तपकिरी राहिलं, मल्टीमीटर काही दाखवत नाही, म्हणजे जळलंच नाही. मखमलीसारखं मॅट काळं, बोटाने हलकं टेकवलं तर निघत नाही, १ सेंटीमीटर अंतरावर काही दहा ओहम ते शंभरच्या आत, म्हणजे हेच पाहिजे. काजळीसारखं फुगलेलं, फुंकर मारली की उडतं किंवा फिल्म मागून वर आलीये, म्हणजे जास्त झालं. कमी रेझिस्टन्सच्या नादात काजळीवाला चौकोन निवडू नका, पाण्यात गेला की अर्धा ग्राफीन तळाला दिसेल.

सावधान : पॉलिइमाइड जळताना निघणारा धूर छातीत घ्यायचा नाही, एक्झॉस्ट चालू हवा. निळ्या लेझरला त्याच रंगासाठीचा चष्मा पाहिजे, गॉगल घालून भागत नाही.

एका बैठकीत निदान १२ इलेक्ट्रोड काढा, सगळे एकाच शीटवर, एकाच सेटिंगवर. नंतर "तो पहिलावाला चांगला होता" म्हणत एकाच तुकड्यावर सगळा प्रोजेक्ट ओढावा लागतो, ते टळेल.

टप्पा ४ : चांदी, ब्लीच, नेलपॉलिश, याच क्रमाने

इथे क्रम बदलला की सगळं वाया.

अ) तिन्ही पट्ट्यांच्या क्लिप लागणाऱ्या टोकांवर आणि रेफरन्सच्या ठिपक्यावर सिल्व्हर पेस्ट लावा. क्लिप थेट लिगवर लावली तर दात ग्राफीन खरवडतात आणि तिसऱ्या वेळेला सिग्नल नाचायला लागतो.

आ) ओव्हनमध्ये ६० ते ८० डिग्रीला अर्धा तास. ओव्हन नसेल तर रात्रभर तसंच ठेवा, इस्त्री वगैरे प्रयोग नकोत.

इ) घरगुती ब्लीचचा (सोडियम हायपोक्लोराईट) एक छोटा थेंब फक्त रेफरन्सच्या चांदीवर, काही मिनिटं. चकचकीत चांदी करडी-तपकिरी झाली की सिल्व्हर क्लोराईड झालं. भरपूर पाण्याने धुवा. थेंब वर्किंगवर सांडला तर तो इलेक्ट्रोड बाजूला काढा, पुसून वापरू नका.

ई) आता नेलपॉलिश. पारदर्शकच, रंगीतमध्ये रंगद्रव्यातून कोणते धातू येतील सांगता येत नाही. पट्ट्यांचा मधला भाग दोन हात देऊन झाका म्हणजे फक्त तीन इलेक्ट्रोडच पाण्याला दिसतील. लिग स्पंजासारखं असतं, पाणी त्यातून हळूहळू वर चढतं आणि क्लिपपर्यंत पोचतं, मग क्लिपचंच तांबं-जस्त मोजत बसता. एका हातात ही चढण थांबत नाही. आणि वर्किंगजवळ कुठेही उघडी चांदी राहिली तर ती विरघळून वर्किंगवर जाऊन बसते.

आता पोटॅशियम क्लोराईडचं. हा रेफरन्स खरा रेफरन्स नाही, त्याचं पोटेन्शियल पाण्यातल्या क्लोराईडवर अवलंबून असतं, क्लोराईड दहापट बदललं की जवळजवळ ५९ मिलीव्होल्टने सगळे पीक सरकतात. डीआयमध्ये केलेलं कॅलिब्रेशन आणि खाऱ्या बोअरचं पाणी यांच्यात शिशाचा पीक हलतो तो यामुळे. बफरमधून सगळीकडे निदान १० मिलीमोलर क्लोराईड गेलं की हे बरंच आवाक्यात येतं.

तपासणी : बॅचमधला एक इलेक्ट्रोड बळी द्या. ५ मिलीमोलर पोटॅशियम फेरीसायनाईड, ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराईडमध्ये, सायक्लिक व्होल्टॅमोग्राम (व्होल्टेज वर-खाली फिरवून घेतलेला करंटचा ग्राफ) काढा. पुस्तकात दोन पीकमधलं अंतर ५९ मिलीव्होल्ट असतं, इथे ८० ते १५० आलं तरी खूश व्हा. ३०० च्या वर गेलं तर लेझर नाहीतर कॉन्टॅक्ट बघा. हा इलेक्ट्रोड परत धातू मोजायला वापरायचा नाही.

टप्पा ५ : मशीन खरंच उणे १.२ व्होल्टला जातं का?

छोटा टप्पा पण दोन महिने खाऊ शकतो. स्वस्तात पोटेन्शिओस्टॅट (ठरावीक व्होल्टेज देऊन करंट मोजणारं मशीन) करायचा म्हणून बरेच जण एलएमपी९१००० ही चिप घेतात. तिचं बायस (इलेक्ट्रोडला देता येणारं व्होल्टेज) तिच्या रेफरन्स व्होल्टेजच्या २४ टक्क्यांपर्यंतच जातं, ३.३ व्होल्टवर म्हणजे ०.७९ व्होल्ट. कॅडमियमचा पीकच साधारण उणे ०.८ ला येतो, मग तो जमा कुठून करणार? शिवाय तिच्या पायऱ्या एवढ्या मोठ्या की बारीक स्कॅन होत नाही. कोडमध्ये चूक शोधत बसण्याआधी चिपची डेटाशीट वाचा, किंवा कॉलेजचं बेंचवालं मशीन मागा, किंवा चीपस्टॅट, डीस्टॅट, रोडिओस्टॅट अशी ओपन डिझाइन बघा आणि त्यांचीही रेंज तपासूनच घ्या.

टप्पा ६ : ब्लँक

शिसं अजून बाटलीतच आहे, झाकण उघडायचं नाही. सेलमध्ये ९ मिली डीआय, १ मिली बफर, ५ मायक्रोलिटर बिस्मथ (१००० पीपीएमचं), म्हणजे बिस्मथ ५०० पीपीबी झालं.

मशीनवर हे भरा. आधी साफसफाई, अधिक ०.३ व्होल्टला ३० ते ६० सेकंद, ढवळत. मग जमा करणं, उणे १.२ व्होल्ट, १२० सेकंद, ढवळत. मग ढवळणं बंद, १० सेकंद शांतता. मग स्क्वेअर वेव्ह स्कॅन (व्होल्टेज चौकोनी लहरीने पायरी-पायरीने वाढवत), उणे १.२ पासून उणे ०.२ पर्यंत, फ्रिक्वेन्सी २५ हर्ट्झ, ॲम्प्लिट्यूड २५ मिलीव्होल्ट, स्टेप ४ किंवा ५ मिलीव्होल्ट.

पहिले पाच-दहा स्कॅन फेकून द्या, नवा इलेक्ट्रोड तेवढ्यात ताळ्यावर येतो. पाणी भिजवतच नसेल, वर गोल थेंब राहत असेल तर आयसोप्रोपिलचा एक थेंब टाकून लगेच डीआयने धुवा.

कॅडमियम उणे ०.८ च्या आसपास येतो, शिसं उणे ०.५५ ते ०.६ च्या आसपास, रेफरन्सप्रमाणे मागेपुढे. ब्लँकमध्ये या दोन जागा सपाट पाहिजेत किंवा निदान इतक्या छोट्या की रोज तेवढ्याच येतील. नसतील तर पुढे जायचं नाही, म्हणजे नाहीच. घाण कुठून येते ते शोधायची पद्धत सोपी आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची : आधी पाणी, मग बफर, मग बिस्मथ, मग सेल, मग टिप. बफर दुप्पट टाकल्यावर पीक दुप्पट झाला तर चोर बफर. जमा करायचा वेळ वाढवूनही पीक तेवढाच राहिला तर तो धातू नसून इलेक्ट्रोडचा स्वतःचा काहीतरी आवाज असू शकतो.

एका पोराने आमच्याकडे चोर शोधायला नऊ दिवस घेतले आणि शेवटी सापडलं ते स्टिररच्या मॅग्नेटच्या बारला गेलेला तडा. कोटिंग फुटून आतलं बाहेर येत होतं. नऊ दिवस वाया गेले असं त्याला वाटत होतं, मला नाही वाटत, कारण त्या बॅचमधला त्याचा एकट्याचाच डेटा नंतर बाहेरच्या लॅबशी जुळला.

ब्लँक बसला की तोच निदान ७ ते १० वेळा घ्या आणि आकडे लिहून ठेवा. यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन पुढे लागणार आहे.

सावधान : उणे १.२ ला वर्किंगवर बुडबुडे दिसले तर हायड्रोजन सुटतोय, बहुतेक पीएच खूप खाली गेलाय. बुडबुड्याखालची जागा मोजणीतून गेली. पीएच बघा, नाहीतर जमा करायचं व्होल्टेज उणे १.१ करा.

टप्पा ७ : कॅलिब्रेशन

त्याच सेलमध्ये आता शिसं आणि कॅडमियम. १० पीपीएमच्या स्टँडर्डचे ५ मायक्रोलिटर १० मिलीत गेले की ५ पीपीबी वाढतात. ५, १०, १५, २०, ३० असं चढत जा, प्रत्येक पायरीला तीन स्कॅन. खालून वर, कधीच वरून खाली नाही, कारण १०० पीपीबी बघितलेला इलेक्ट्रोड ते लगेच विसरत नाही.

इथली सगळ्यात कॉमन चूक म्हणजे ढवळणं. जमा होणारा धातू ढवळण्याच्या वेगावर अवलंबून असतो, त्यामुळे स्टिररचा नॉब जिथे आहे तिथे मार्करने खूण करा, इलेक्ट्रोडची उंची आणि कोन रोज तोच ठेवा. पट्टी लवचिक असल्यामुळे ती ढवळताना डुलते! कडक पट्टीला हा त्रास नसतो. मागे काचेची स्लाइड लावून क्लिप करा, वाकवायचं काम नंतर आहे.

रेष सरळ आली की डिटेक्शन लिमिट काढा : ब्लँकचं स्टँडर्ड डेव्हिएशन गुणिले ३, भागिले स्लोप. ब्लँकचं, एक्सेलने रेषेवर काढून दिलेल्या चुकीचं नाही. आणि उत्तर ०.००२ पीपीबी आलं तर आनंदाने उडी मारू नका, तुमचा सगळ्यात कमी मोजलेला बिंदू ५ पीपीबी असताना असा दावा केला की परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतो.

टप्पा ८ : खरं पाणी

नळाचं पाणी घेताना दोन बाटल्या भरा. एक पहाटेची पहिली धार, रात्रभर पाइपात थांबलेली, आणि दुसरी पाच मिनिटं नळ सोडल्यावर. दोन्हींत फरक असेल तर शिसं पाइपातून किंवा नळाच्या पितळेतून येतंय, टाकीतून नाही. विहिरीचं असेल तर पत्र्याच्या गंजक्या बादलीने उपसू नका.

नंतरचा क्रम : विरघळलेला धातू मोजायचा असेल तर आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, नंतर ॲसिड टाका. उलटं केलं तर ॲसिड पाण्यातल्या मातीला धुऊन काढतं आणि मातीतला धातू पाण्यातला म्हणून मोजला जातो. पावसाळ्यात गढूळ पाण्याचे भयंकर आकडे घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी हेच केलेलं असतं. ॲसिड म्हणजे लिटरला २ मिली तीव्र नायट्रिक, पीएच २ च्या खाली.

आणि आता ती चूक जी मी स्वतः पण केलीये. ॲसिड टाकलेलं ८ मिली सॅम्पल घेतलं, १ मिली बफर टाकला, आणि वाटलं झाला पीएच ४.५. नाही होत. त्या ८ मिलीत इतकं ॲसिड असतं की बफरमधलं बहुतेक ॲसिटेट तेच खाऊन टाकतं, पीएच ४ च्या खाली जातो, पीक बारीक होतात, बुडबुडे येतात, आणि आपण म्हणतो पाण्यात काही नाही. म्हणून ८ मिली सॅम्पल, १ मिली बफर, मग १ मोलर सोडियम हायड्रॉक्साईड साधारण पाव मिली, थेंबाथेंबाने आणि ढवळत. पीएच बघायला मीटरचा प्रोब सेलमध्ये घालू नका, त्यातून क्लोराईड आणि घाण येते. तसंच मिश्रण दुसऱ्या भांड्यात करून तिथे मोजा, किती थेंब लागले ते बघा आणि सेलमध्ये तेवढेच टाका. ५ मायक्रोलिटर बिस्मथ घाला आणि शेवटी डीआयने १० मिली करा. ब्लँकमध्येही तेवढंच नायट्रिक आणि तेवढंच हायड्रॉक्साईड गेलं पाहिजे, नाहीतर तुलना कशाची कशाशी.

डीआयमधली कॅलिब्रेशनची रेष इथे वापरायची नाही, खऱ्या पाण्यात स्लोप बदलतो. स्टँडर्ड ॲडिशन करा. आकडे समजायला सोपे घेतो : सॅम्पलचा शिशाचा पीक ब्लँक वजा करून २.४ मायक्रोॲम्पिअर आला. त्यात १० पीपीएमचे १० मायक्रोलिटर टाकले, म्हणजे १० पीपीबी वाढले, पीक ५.६ झाला. परत तेवढंच टाकलं, ८.८. म्हणजे १० पीपीबीला ३.२, पीपीबीला ०.३२. मग २.४ भागिले ०.३२ म्हणजे ७.५ पीपीबी सेलमध्ये. पण सॅम्पल १० मिलीतलं ८ मिलीच होतं, म्हणून गुणिले १.२५, उत्तर ९.४ पीपीबी. हा शेवटचा १.२५ विसरणारे दर वर्षी दोन तरी असतात, आणि इथे बघा, ७.५ म्हणजे निवांत आणि ९.४ म्हणजे मर्यादेला टेकलेलं.

टाकलेल्या शिशाने उणे ०.५७ वालाच पीक वाढला पाहिजे. शेजारी वेगळा खांदा फुटला तर आधीचा पीक शिशाचा नव्हता. पीकची ओळख जागेवरून नाही, अशी टाकून बघून पटवायची.

पीक वाढतच नसेल तर दोन संशयित. एक तांबं, ते बिस्मथच्या जागेवर येऊन बसतं, तांब्याच्या हंड्यातलं पाणी आणलं असेल तर हेच. पोटॅशियम फेरोसायनाईड थोडंसं, सेलमध्ये ०.१ मिलीमोलर होईल एवढं, टाकलं की ते तांब्याला धरून ठेवतं. दुसरा साबण आणि कुजलेल्या पानांचं रसायन, हे इलेक्ट्रोडवर साय धरतात. त्याला नॅफिऑनचा (धातूचे आयन आत सोडणाऱ्या पॉलिमरचा) पातळ थर लावतात, ५ टक्केवालं इथेनॉलमध्ये पातळ करून ०.५ टक्का, ३ मिलीमीटरच्या गोलावर ५ मायक्रोलिटर, वाळवून. जाड लावलात तर धातू पण आत जाणार नाही.

टप्पा ९ : वाकवणं

नावातच फ्लेक्सिबल आहे म्हणून हे शेवटी, पण करायचं. जाड मार्करवर (साधारण १० मिलीमीटर त्रिज्येचं काहीही) १०० वेळा वाकवा, लिग बाहेरच्या बाजूला ठेवून, कारण ताण तिथेच पडतो आणि तडे तिथेच जातात. दर २५ वेळांनी रेझिस्टन्स लिहा आणि २० पीपीबीचा पीक घ्या. रेझिस्टन्स तोच आणि पीक कमी झाला तर बहुतेक नेलपॉलिशला तडा गेलाय, नेलपॉलिश वाकत नाही. खरंच वाकवून वापरायचा असेल तर त्या जागी कॅप्टॉन टेप किंवा सिलिकॉन सीलंट वापरा.

"वाकवून झाल्यावर सपाट मोजलं" आणि "वाकलेलं असताना मोजलं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, रिपोर्टमध्ये कोणती केली ते स्पष्ट लिहा.

आकडा कुणाला सांगण्याआधी

ही पद्धत मोकळा, सहज सुटणारा धातूच बघते. मातीच्या कणांना किंवा सेंद्रिय पदार्थाला घट्ट चिकटलेलं शिसं हिला दिसत नाही, लॅबमधलं मशीन सॅम्पल ॲसिडमध्ये उकळून सगळं बाहेर काढतं. त्यामुळे तुमचा आकडा कमी आला तर पाणी चांगलं असं होत नाही. तीन-चार सॅम्पल एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबला पाठवा, तुमच्या आकड्यांशेजारी त्यांचे आकडे मांडा, आणि तोपर्यंत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "आपल्या विहिरीत शिसं" असं काही टाकू नका. आमच्या ओळखीच्या एका ग्रुपने टाकलं होतं, बाया आठवडाभर दोन किलोमीटरवरून पाणी आणत होत्या, आणि नंतर कळलं की पीक ब्लँकचाच होता.

वापरलेलं सगळं पाणी, शिसं-कॅडमियम-बिस्मथवालं, एका झाकणाच्या कॅनमध्ये, वर लेबल, आणि कॉलेजच्या घातक कचऱ्यात. बेसिनमध्ये नाही.